बोक्लेअरचं चर्च आणि आमचे भावोजी

आमचे भावोजी, चारुदत्त गोवंडे, म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. अमेरिकेत शॉमबर्गमध्ये पंचेचाळीस वर्षं राहिले, पण गवत कापताना मशीन शेजाऱ्याच्या हद्दीत दोन बोटं गेलं तरी सॉरी म्हणायला त्याचं दार वाजवतील. माझी थोरली बहीण पद्मिनीताई त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी ती गेली. हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाली, "सुमे, यांना सांभाळ गं. फार भोळे आहेत." सांभाळलं हो मी! असं सांभाळलं की विचारू नका. तेच सांगायला बसलेय, कारण ज्याला-त्याला वाटतं की म्हातारा बायकोच्या आठवणीनं खंगलाय. तसं नाहीये ते.

भावोजी सिव्हिल इंजिनिअर. सांगलीला शिकले, चौऱ्याहत्तर साली अमेरिकेत आले. आयुष्यभर वेअरहाउसं, पार्किंगचे मजले आणि शाळांची जिमं उभी केली. अशा कामांची मेली आठवण तरी कुणाला राहते? त्यांच्या मनात बसलेलं काम एकच, बोक्लेअरचं चर्च.

बोक्लेअर आमच्याकडून दक्षिणेला पावणेदोन तास. मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत चारशे माणसांचं गाव. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या एका खेड्यातली बावीस कुटुंबं तिथे येऊन राहिली. त्यांना करमेना. मग त्यांनी ठरवलं, गावाकडे होतं तस्संच चर्च इथे बांधायचं. नकाशा काढणारा कोणी नव्हता. एक माणूस बोटीनं परत गेला, गाठी मारलेल्या दोरीनं आपल्या गावच्या चर्चची मापं घेतली आणि तो दोर इथे घेऊन आला. फ्रान्समधलं मूळ चर्च नऊशे वर्षांचं, आणि त्याचा गाभाऱ्याकडचा अर्धगोल भाग जरासा डावीकडे कललेला. कुणा जुन्या गवंड्याची चूक असणार. या लोकांनी इथे बांधताना ती चूकसुद्धा मोजून उतरवली. भावोजी हे सांगायला लागले की डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. "सुमे, विचार कर, वाकडेपणासुद्धा विसरले नाहीत!" मी म्हणायचे, "भावोजी, तुमचं हे देऊळ ऐकून ऐकून आम्हाला तोंडपाठ झालंय. आता चहा घ्या."

पण खोटं कशाला बोलू, सुंदरच होतं ते. तीन फुटी जाड दगडी भिंती, बाहेरून अरुंद आणि आत रुंद होत जाणाऱ्या कमानीच्या खिडक्या. मनोरा नाहीच. दर्शनी भिंतच सरळ वर चढवलेली, आणि तिच्यात दोन मोकळ्या कमानी ठेवून घंटा टांगलेल्या. छपराच्या कडेखाली ओळीनं कोरलेली दगडी तोंडं: एक दाढ दुखणारा माणूस, एक डुकरीण, एक जीभ दाखवणारी बाई. भावोजी बूट काढून आत जायचे. गावातली माणसं हसायची, पण नंतर नंतर त्यांच्यासाठी दाराशी एक पायपुसणं ठेवायला लागली. चारुदत्त कुणाला म्हणता येत नव्हतं, म्हणून चार्ली झाले.

त्र्याऐंशी साली त्या भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, झिजून मोकळे झाले होते. भावोजींच्या कंपनीकडे ते बारकंसं काम आलं, दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून यांच्या गळ्यात पडलं. गावात ओमेर टेसिए नावाचा म्हातारा गवंडी होता. त्याचे आजे-पणजे ते चर्च बांधणारे. तो म्हणाला, चुना आणि नदीची वाळू. दुसरं काही घालू नका. आणि आमचे भावोजी, चौतीस वर्षांचे, टाय लावलेले, त्याला हसून म्हणाले, "मिस्टर टेसिए, चुना आमच्याकडे गरिबाच्या घराला लावतात. तुमच्या चर्चला मी उत्तम सिमेंट देणार."

तुम्हाला हे आगाऊपणाचं वाटेल. तसं नव्हतं ते. भावोजींच्या लहानपणी इस्लामपूरला त्यांचं घर चार वर्षं अर्धवट पडून होतं, कारण सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिट वशिल्यावर. अंगणात चुन्याची घाणी होती, बैल दिवसभर गोल फिरायचा आणि चुना मळला जायचा. पोरांचे हात चुन्यानं फुटायचे. ज्या दिवशी सिमेंटची पहिली सहा पोती दारात आली, त्या दिवशी त्यांच्या आईनं पोत्यांना हळदकुंकू लावलं. असल्या घरातला मुलगा, त्याला एखाद्याला मनापासून काही द्यायचं असेल तर तो काय देणार? सिमेंटच देणार की!

दिलं. शनिवार-रविवारी स्वतः उभं राहून जुना चुना खरवडून काढून घेतला आणि कडक सिमेंट ठासून भरून घेतलं. ताई दशम्या आणि लसणाची चटणी बांधून द्यायची. काम झाल्यावर गावानं चर्चच्या तळघरात जेवण दिलं, टाळ्या वाजवल्या. ओमेर टेसिए तेवढा जेवायला आला नाही. त्याची मुलगी लुसिल, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची, ती म्हणाली की बाबांना बरं नाही.

त्यानंतर वर्षातून एकदा भावोजी बोक्लेअरला जायचेच. आणि दोन हजार सात साली ताईला घेऊन ते मूळ चर्च बघायला फ्रान्सला गेले. परत आले ते गप्प गप्प. ताई म्हणाली, पोट बिघडलंय. मला खरं कळलं ते परवा परवा.

गेल्या वर्षी सप्टेंबरात लुसिलचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं. आता सत्याऐंशी वर्षांची आहे ती. तिनं लिहिलं होतं: चर्चचे वरचे अधिकारी ते पाडायचं म्हणतात. एका सल्लागाराचा रिपोर्ट आलाय की दगडच मुळात हलका आहे, त्याचं आयुष्य संपलं. नोव्हेंबरात काउंटीच्या वारसा समितीची मिटिंग आहे. तुम्ही या.

मीच ड्राइव्ह करून नेलं त्यांना, मिटिंगच्या आधी एकदा बघून येऊ म्हणून. गाडीतून उतरले आणि उत्तरेच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. दगडांचे पापुद्रे निघाले होते. चार-चार बोटं आत गेला होता दगड, आणि मधल्या सिमेंटच्या रेघा मात्र जशाच्या तशा, टणक, बाहेर आलेल्या. म्हाताऱ्या हातावर शिरा दिसतात ना, तशा. छपराखालच्या त्या दाढ दुखणाऱ्या माणसाचं अर्धं तोंड गळून पडलं होतं. भावोजींनी दगडावर नुसतं बोट फिरवलं तर खाली साखरेसारखी भुकटी पडली.

"भावोजी, थंडी वाजतेय, चला," मी म्हणाले.

"सुमे, हे मी केलंय," ते म्हणाले.

गाडीत बसून मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंतीतला ओलावा चुन्याच्या सांध्यातून बाहेर जातो. चुना दगडापेक्षा मऊ, म्हणून झिजायचा असेल तर तो झिजतो, दगड शाबूत राहतो. दर पन्नास-साठ वर्षांनी चुना नवा भरायचा, बस. पण सांध्यात कडक सिमेंट ठासलं की ओलावा दगडातच अडकतो, हिवाळ्यात गोठतो, फुगतो आणि दगडाचं अंग फोडतो. फ्रान्सच्या त्या खेड्यात एक पोरसवदा गवंडी शिडीवर उभा राहून हातानं चुना भरत होता. भावोजींनी त्याला कौतुकानं सांगितलं की अमेरिकेत मी सिमेंट वापरलं. तो शिडीवरून खाली उतरला, म्हणाला, "मस्यू, मग ते लवकर काढून टाका."

"मग काढलं का नाहीत?" मी विचारलं.

"वाटलं, इथला दगड वेगळा असेल. इथली थंडी वेगळी. पुढे दरवर्षी थोडे पापुद्रे दिसायचे, पण वाटायचं, मी मरेपर्यंत टिकेल." मग काचेतून भिंतीकडे बघत म्हणाले, "पण सुमे, भिंत आतून चांगली आहे. दगड वाईट नाहीये. वर्षाला एक भिंत घ्यायची, सिमेंट हळूहळू छिन्नीनं काढायचं, चुना भरायचा. उभी राहील. मी मिटिंगमध्ये सांगतो."

आणि मग मी जे केलं ते मी केलं. मला भीती वाटली हो! शहात्तर वर्षांचा माणूस, हृदयात दोन स्टेंट. पेपरात नाव येईल, कोणी खटला भरेल, इथल्या मराठी मंडळातले लोक कुजबुजतील, "ते चर्च पाडलं ना, ते आपल्या गोवंड्यांनीच." रात्री जर्सी सिटीला निहारला, म्हणजे त्यांच्या मुलाला, फोन लावला. तो वकील. तो म्हणाला, "मावशी, इतक्या वर्षांनी लीगली काही होणार नाही. बट व्हाय पुट हिमसेल्फ थ्रू धिस? बाबांना सांग, नुसते ऐकून या." मला तेवढंच पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मी सुरू झाले. भावोजी, झाकली मूठ सव्वा लाखाची. भावोजी, तुम्ही बोललात तरी पाडणारे पाडणारच. भावोजी, ताई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. हे शेवटचं तर मी ठोकूनच दिलं. ताईनं काय सांगितलं असतं ते देवाला ठाऊक.

मिटिंग काउंटीच्या ऑफिसात होती. समितीचे सात जण. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं की आमच्यापुढे प्रश्न एकच आहे. दगड मुळातच वाईट आहे, की नंतरच्या दुरुस्तीनं वाईट झाला? मुळातच वाईट असेल तर पाडायला परवानगी द्यावी लागेल. दुरुस्तीनं झाला असेल, तर वारसा म्हणून पाच वर्षं हात लावता येणार नाही, तेवढ्यात गावानं दुरुस्त करावं. सल्लागार कंपनीचा माणूस स्लाइड्स दाखवून गेला. मग गावकऱ्यांना माइकवर प्रत्येकी तीन मिनिटं. कोणी लग्नाबद्दल बोललं, कोणी आजोबांच्या मयताबद्दल. लुसिल काठी टेकत गेली आणि म्हणाली की माझे वडील सांगायचे, हा दगड चांगला आहे. सल्लागार हळूच हसला. अध्यक्षांनी थँक यू, मॅम म्हटलं.

मग नाव पुकारलं, "मिस्टर चारुडाटा गोवान्डे, इंजिनिअर." आम्ही तर नाव दिलंच नव्हतं! लुसिलनं लिहिलं होतं यादीत. भावोजी उठायला लागले. मी त्यांचा कोट धरला आणि खाली ओढला. "नुसतं चांगलं बोला आणि या," मी म्हणाले, "माझी शपथ आहे." शपथ, काय म्हणावं मला! ते माझ्याकडे बघत राहिले. मग माइकपाशी गेले. खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर त्यांनी सगळं लिहून आणलं होतं. तो कागद उघडलाच नाही. इंग्रजीत म्हणाले, "हे फार सुंदर चर्च आहे. मला इथे काम करायला मिळालं याचा मला अभिमान आहे. नवा रिपोर्ट मी बारकाईनं वाचलेला नाही." आणि परत येऊन बसले. तीन मिनिटांतली अडीच शिल्लक होती.

पाच विरुद्ध दोन. पाडायचं ठरलं. लुसिलनं मान खाली घातली. मला वाटलं, बिचारी चर्चसाठी रडतेय. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. येताना मी भावोजींना आइस्क्रीम खाऊ घातलं. एवढी मी बेअक्कल.

तो हिवाळा भावोजींनी खुर्चीत काढला. पुस्तक नाही, टीव्ही नाही. जेवण ताटात तसंच. मी केलेली आमटी उकळून उकळून आटून जायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण यांना तर आतून पोखरत होतं. निहार येऊन गेला, डॉक्टरांकडे नेलं, डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. मला सगळं दिसत होतं आणि कशामुळे तेही कळत होतं. मी आपली म्हणत राहिले, उन्हाळा आला की बरं वाटेल.

एप्रिलमध्ये पाडायला सुरुवात झाली. भावोजी म्हणाले, "मला ने." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मग मी टॅक्सी करतो." बोक्लेअरपर्यंत टॅक्सी! नेलं मी.

पाडणाऱ्यांनी तीन दिवसांचं काम म्हणून सांगितलं होतं. आम्ही गेलो तो सातवा दिवस, आणि अर्धंसुद्धा झालं नव्हतं. मशीन भिंतीत दात घालायचं आणि अडायचं. कुंपणापाशी उभा असलेला मशीनवाला आम्हाला म्हणाला, "बाहेरचं सगळं सडलंय, पण आतला हा पांढरा माल बघा. सुटतच नाही. ज्यानं बांधलं त्याला काम येत होतं." तो पांढरा माल म्हणजे चुना. दीडशे वर्षांचा. भावोजींनी कुंपणाची जाळी धरली आणि डोळे मिटले.

पलीकडे लुसिल घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसली होती. म्हणे रोज येऊन बसायची. भावोजी तिच्याजवळ गेले. मी थर्मास घेऊन मागे. ते तिच्या खुर्चीशी वाकले आणि म्हणाले, "लुसिल, दगड चांगला होता. माझ्या सिमेंटनं मारला त्याला. तुझे वडील बरोबर होते."

लुसिलनं त्यांच्याकडे बघितलं. राग नाही, आश्चर्य नाही, काही नाही. "आय नो, चार्ली," ती म्हणाली. "आम्हाला त्याच वर्षीपासून माहीत आहे. बाबांनी घरी येऊन सांगितलं होतं, हा मुलगा चांगला आहे, पण यानं भिंतीचा श्वास बंद केला. दहा वर्षांनी दगड सुटायला लागला तेव्हा तर सगळ्या गावाला कळलं."

"मग तुम्ही मला कधी..."

"तुम्ही दरवर्षी यायचात. बूट काढून आत जायचात. सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर यायचं." मग ती मशीनकडे बघत म्हणाली, "त्या मिटिंगमध्ये आमचं कोण ऐकणार होतं? मी मुलांना जेवण वाढणारी बाई. माझे बाबा गवंडी. पण तुम्ही इंजिनिअर. काम तुमचं. तुम्ही एकदा म्हणाला असतात ना की चूक माझी, तर त्यांना थांबावंच लागलं असतं. म्हणून मी तुमचं नाव लिहिलं. गावातला एक माणूस तुमच्यावर रागावला नसता, चार्ली. आम्ही तर वाट बघत होतो."

मी थर्मास जमिनीवर ठेवला. भावोजींनी तिच्या खुर्चीचा हात धरला. मग म्हणाले, "मी घाबरलो." एवढंच. माझ्याकडे बोट नाही, नजरसुद्धा नाही. लुसिलनं त्यांच्या हातावर हात ठेवला, थोपटलं आणि काढून घेतला. भिंतीचा आणखी एक तुकडा खाली आला. आम्ही तिघंही धूळ बसेपर्यंत बघत होतो.

गाडीत बसल्यावर मला राहवेना. किल्ली लावली आणि तशीच बसले. "भावोजी," मी म्हणाले, "मला माफ करा. मी ओढलं तुम्हाला खाली. मी शपथ घातली. माझ्यामुळे गेलं ते चर्च." मी ढसाढसा रडत होते. ताई गेली तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

भावोजींनी सीटबेल्ट लावला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सुमे, तू कोट ओढलास गं. तोंड माझंच होतं."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि आजही फारसे बोलत नाहीत.